दुधाबरोबरच्या पुड्या

“मास्तरांबद्दल सांगायचं आहे,” बापूसाहेब दारातच म्हणाले.

नर्मदाबाईंनी सतरंजी अंथरली. त्यांचे यजमान चिंतामणीमास्तर यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. पीपलरावां गावात डॉक्टर एकच, बापूसाहेब, आणि ते न बोलावता कुणाच्या घरी आल्याचं नर्मदाबाईंना आठवत नव्हतं.

बापूसाहेब भिंतीला धरून खाली बसले.

“मास्तरांच्या पोटात अल्सर होता. मी पुड्या दिल्या. सोडा अन् खडूची पूड, दर दोन तासांनी दुधाबरोबर.”

“सहा वर्षं घेतल्या त्यांनी.”

“सहा आठवडेच द्यायच्या होत्या. बरं वाटायचं, म्हणून ते मागत राहिले. मी देत राहिलो.”

त्या दिवशी सकाळी इंदूरच्या इस्पितळातून पत्र आलं होतं. बाजारातल्या संताजीची मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. दुखणं तेच, पुड्याही त्याच. दूध आणि या पुड्या फार दिवस एकत्र चालल्या की रक्तात चुना वाढतो आणि मूत्रपिंडं निकामी होतात, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. वेळीच थांबवलं तर माणूस वाचतो. संताजी चौतीस वर्षांचा. त्याला पुड्या सुरू केल्या त्या मास्तर गेल्यानंतर.

पत्र वाचून बापूसाहेबांनी दवाखाना बंद केला. ज्यांच्याकडे पुड्या चालू होत्या, त्या नऊ घरी स्वतः गेले. पुड्या परत घेतल्या, चूक माझी म्हणून सांगितलं. कुणी चहा विचारला, कुणी तोंड फिरवलं. नर्मदाबाईंकडे परत घेण्यासारखं काही नव्हतं. तरी ते आले.

“मास्तरांचे पाय सुजले, तेव्हा मी म्हटलं वय झालं. वय नव्हतं, बाई. औषध माझं होतं.”

नर्मदाबाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, “माहीत आहे.”

बापूसाहेबांनी वर पाहिलं.

“शेवटी ह्यांना इंदूरला नेलं ना, तिथं सांगितलं. गुर्दे गेले, पुड्यांनी गेले, आता उशीर झाला म्हणाले.”

“दोन वर्षं तुम्हांला माहीत आहे?” बापूसाहेबांनी विचारलं. “मग मला कळवलं का नाही? संताजीला मी हात तरी लावला असता का?”

“मी येणारच होते,” नर्मदाबाई म्हणाल्या. “ह्यांनी शपथ घातली. म्हणाले, बापूसाहेबांच्या कानावर हे जाता कामा नये. त्यांचं मन खचलं, तर गावाला दुसरा डॉक्टर कोण आहे?”