चोवीस तास पाणी

एलादिओने टोपण काढून पेन बेगोन्याबाईंच्या हातात दिलं आणि नेमकी तेव्हाच चर्चची घंटा घणाणली.

ही घंटा टँकर आल्याची. टँकरचा वार मंगळवार. काल मेला आलाच नाही, आणि आज पाणी खात्याच्या बाई राजधानीहून येऊन त्याच्या दारासमोर कॉफी पीत बसलेल्या असताना कडमडला. वाळलेल्या बदामांच्या माळावर एलादिओला ‘निर्मळ झरे’ नावाची वसाहत उभारायची होती. बंगले एकशेवीस, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव. चार वर्षं तो याच एका सहीसाठी झिजला होता. अर्जात आता एकच रकाना उरला होता: गावात चोवीस तास पाणी आहे का?

“घंटा कसली हो ही?” बाईंनी विचारलं.

“प्रार्थनेची. आमचं साल्देरोस फार देवभोळं.”

समोरून बेकरीवाला पिठाच्या हातांनी दोन बादल्या घेऊन पळत गेला. त्याच्यामागे अर्ध्या दाढीला फेस तसाच ठेवून एक गृहस्थ हातगाडीवरून पिंप ढकलत निघाले.

“आणि बादल्या?”

“तीर्थासाठी.”

“पिंपभर तीर्थ?”

“श्रद्धा मोठी आहे, बाई.”

एवढ्यात झगा कमरेला खोचून खुद्द फादरच धावत गेले. दोन्ही हातांत कॅन.

“प्रार्थना हेच सांगतात ना?”

“हो. म्हणून तर एवढी घाई.”

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. आपली थाप पचली, या आनंदात एलादिओने त्यांच्यापुढे ऑलिव्हची बशी सरकवली. बाईंनी पेन कागदाला टेकवलं.

साल्देरोसचा नियम असा, की घंटा झाली की प्रत्येक घरचा एक माणूस रांगेत हवा. नसला तर त्या घराचा नंबर शेवटी, आणि शेवटच्याच्या वाट्याला टाकीच्या तळाचा गाळ. एलादिओच्या घरचा हा माणूस तो सहा वर्षांचा होता तेव्हापासून एलादिओच. वरची खिडकी धाडकन उघडली आणि त्याची आई कासिल्दा कडाडली.

“अरे टोणग्या, गप्पा कसल्या झोडतोयस! ती पारेदेसांची म्हातारी घुसली बघ पुढे! गेला आपला नंबर!”

“घुसते कशी? आलोच!”

कोट खुर्चीवर पडला आणि एलादिओ दारामागच्या बादल्या उचलून सुटला. त्याने फादरना कोपर मारलं, अर्ध्या दाढीशी हुज्जत घातली, म्हातारीला तर चक्क उचलून बाजूला ठेवलं. खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत त्याला ना वसाहत आठवली, ना सही, ना बाई. इतका सुखी तो चार वर्षांत झाला नव्हता.

“आई, तिसरा नंबर!” गुडघ्यापर्यंत भिजलेला एलादिओ दोन काठोकाठ बादल्या घेऊन दारात आला.

खुर्ची रिकामी होती. कॉफीच्या कपाखाली अर्ज होता. रकान्यात बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं होतं:

“माहिती मिळू शकली नाही. अर्जदार पाणी भरायला गेले आहेत.”