नववी फेरी

चार वर्षं खपून बांधलेल्या या गुडघ्याएवढ्या इंजिनातून फिटरसाहेबांच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: गेलेल्या बायकोला दिलेला शब्द पाळल्याचं समाधान. "कोळसा मी घालणार, तुम्ही नुसती शिट्टी वाजवा," असं ती म्हणायची.

सकाळी इंजिन बागेतल्या रुळांवर सुटलं. भट्टीतल्या मूठभर कोळशावर ते दोन फेऱ्यांत थांबायला हवं होतं.

झुडपांआडच्या वळणावरून ते नवव्यांदा बाहेर आलं, तरी वाफेच्या दाबाचा काटा चढाच होता. मागच्या डब्यातला कोळसा तसाच भरलेला.

लेकीनं त्यांचा हात धरला. "बाबा, थांबवा ते. फेरीगणिक गार पडत चाललात तुम्ही."

"असू दे गं," ते वळणाकडे बघत म्हणाले. "तिची हौस फिटू दे."

दहाव्या फेरीला काटा आणखी चढला, आणि लेकीच्या हातातला त्यांचा बर्फगार हात निर्जीव, जड झाला.