झाकणाखाली

“अब्बा, स्प्रिंगा कडकच टाका. टर्बोचा दाब आला की नरम स्प्रिंग व्हॉल्व्हला धरत नाही.”

आसिफ गॅरेजच्या दारातून बोलला होता. कादरनं बाकावरच्या इंजिनाच्या हेडातून मान वर न करता उत्तर दिलं होतं, “टाकतो म्हणलं ना.”

आज त्याच बाकावर तसंच एक हेड उघडं पडलं होतं. सोनईच्या गहिनीनाथनं टेम्पोत घालून आणलेलं. त्याची मुलगी स्नेहल चिखलातल्या शर्यतीत जीप पळवायची. यंदा तिला टर्बो हवा होता. आसिफच्या जीपचं होतं तेच इंजिन.

व्हॉल्व्हचं लगेच ठरलं. एक्झॉस्टला जास्त आच सोसणारे. मग कादरनं हेडातली जुनी स्प्रिंग तळहाताखाली घेतली आणि अंगाचा भार दिला. स्प्रिंग दबली. हाताला तेवढ्यानंच कळलं.

“ह्या टर्बोला चालायच्या नाहीत.”

गहिनीनाथनं आवाज खाली आणला. “ह्याच राहू द्या, कादरभाई. अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला की इंजिन दम सोडंल. पोरगी आपसूक हळू चालवंल. वरून झाकण बसल्यावर तिला काय दिसतंय?”

कादर स्प्रिंग पुसत राहिला.

“जीप आल्यापास्नं तिची आई शनिवार धरतीय. मला उपास झेपत न्हाई, म्हणून मी तुमच्याकडं आलो,” गहिनीनाथ कसनुसा हसला. मग म्हणाला, “तुमाला न्हाई कळायचं तर कुणाला? तुमचा आसिफ वेगापायीच गेला.”

नगरात सगळे तेच म्हणायचे. उसाची ट्रॉली ओलांडताना समोरून ट्रक आला. पोरगा फार वेगात होता. कादरनं कधी कुणाचं खोडलं नव्हतं. मोडकी जीप आणल्यावर इंजिन त्यानं एकट्यानं उघडलं होतं.

“गहिनीनाथ, ट्रॉलीच्या बरोबरीला आल्यावर इंजिनानं दम सोडला, तर पोरगी पुढं निघंल का मागं येईल?”

“असं कुठं होतंय?”

“होतं.”

गहिनीनाथ त्याच्याकडं बघत राहिला. कादरचा चेहरा नेहमीसारखाच होता.

“मग कडक टाका,” गहिनीनाथ म्हणाला. “पुण्यावरनं मागवाव्या लागतील ना?”

“आहेत माझ्याकडं.”

टेम्पो गेल्यावर कादरनं हात धुतले. फडताळाच्या तळातून एक खोकं काढलं. आसिफनं आपल्या जीपसाठी पुण्याहून आणलेल्या कडक स्प्रिंगा त्यात तशाच होत्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या.

“टाकतो,” असं पुटपुटत त्यानं पहिला कागद सोडवला.