कोरडी केबिन

वडिलांची जुनी शिडाची होडी ती दर रविवारी एकटीच समुद्रात न्यायची. नवरा एकदाच बरोबर आला होता. केबिनमध्ये बसल्या बसल्या तो तिला शीड कसं ओढायचं ते शिकवत राहिला, आणि खिडकीतून मानेवर गार पाणी गळलं तेव्हाच थांबला. त्या दिवशी त्याने होडीला कोपरापासून नमस्कार केला.

पण बायकोचे हाल त्याला बघवेनात. फोनवर चार व्हिडिओ पाहून तो कारागीर झाला. महिनाभर खपून त्याने पिवळ्या पडलेल्या काचा काढल्या, कुजलेलं रबर खरवडलं, नव्या काचा बसवून कडेने सीलंट भरलं. मग सगळ्यांसमोर पाइपने धो धो पाणी मारलं. आत एक थेंब नाही!

"नशीब काढलंस गं वहिनी," नणंद म्हणाली. "असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"आता दर रविवारी मीपण येणार!" नवऱ्याने जाहीर केलं. "तुझं सुकाणू धरणं जरा सुधारायला हवं."

तिने तोंडभर हसून मान डोलावली.



शनिवारी ती ब्लेड घेऊन धक्क्यावर गेली आणि त्याच्या बसायच्या जागेवरच्या खिडकीचं सीलंट तिने अलगद कापलं.