बुंध्यातली भोकं

माळ्याने बुंध्याजवळची माती हाताने बाजूला सारली आणि तो जागच्या जागी थिजला. मुळांच्या जरा वर बोट जाईल एवढी भोकं पाडलेली होती. त्याने नाक जवळ नेलं. तणनाशकाचा उग्र वास आला. सार्वजनिक बागेतला हा सगळ्यांत जुना शिरीष महिनाभर का वाळत चाललाय, ते आता कळलं.

निरोप मिळताच उद्यान निरीक्षक आले. त्यांनी फोटो काढले आणि रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला बोलावून घेतलं. फांद्यांमुळे दुकानाची पाटी झाकली जाते, अशी त्याची जुनी कुरकुर होती.

"मी फांदी छाटा म्हणालो होतो. जीव घ्या नाही म्हणालो," दुकानदार म्हणाला.

"खोटं बोलतोय हा!" माळ्याने त्याची कॉलर धरली. "पोटच्या पोरासारखं सांभाळलंय मी हे झाड!"

माळ्याची बायको त्याचा डबा घेऊन आली होती. तिने डबा बाकावर ठेवला.

"त्यांना सोडा," ती म्हणाली. "भोकं मी पाडलीत."

माळी हसलाच. "काहीतरीच काय बोलतेस?"

"गिरमिट तुमचंच. औषधही तुमच्याच खोलीतलं."

कॉलर सुटली.

"अगं, पण का?"

"आपलं पोरगं ज्या फांदीवरून पडून गेलं, तिलाच तुम्ही झोपाळा टांगलात."

"मी कुठं माझ्या मनाने टांगला? वरून हुकूम आला. बागेत मुलं येतात, त्यांच्यासाठी..."

"मला सांगायचं तरी. मी आपली नेहमीसारखी डबा घेऊन आले. बघते तर पोरं झोके घेतायत. मला म्हणाली, काकू, जोरात ढकला ना."

दुकानदाराने मान खाली घातली. निरीक्षक हळूच म्हणाले, "वहिनी, झाड मारणं हा गुन्हा आहे. पंचनामा करावा लागेल."

"करा ना." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "पोरगं गेलं तेव्हा तुमच्या ऑफिसातलं कुणी फिरकलं नव्हतं. झाडासाठी तरी आलात."

माळ्याने आधारासाठी खोडावर हात टेकला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला.