आरोपी झोपलेला आहे

२०९१ साली आठल्ये सर तीस वर्षांच्या शीतनिद्रेतून उठले, तेव्हा ते होते तसेच चौतीस वर्षांचे होते, मिशीसुद्धा काळीभोर. त्यांच्या बाजाच्या पेटीच्या वर्गात नऊ वर्षांच्या ज्या विभावरीवर त्यांनी अत्याचार केला होता, तिची मात्र आता चाळिशी आली होती. सर पुन्हा वर्ग काढताहेत हे कळताच ती पोलीस चौकीत गेली.

"तक्रार मुदतबाह्य आहे, ताई," हवालदार मोहिते म्हणाले. "तीस वर्षांची मुदत गेल्या साली संपली."

"अठराव्या वर्षी आले, पंचविसाव्या वर्षी आले. दोन्ही वेळा याच चौकीत सांगितलंत, आरोपी झोपलाय, उठला की या!"

"झोपलेल्यावर गुन्हा नोंदवता येत नाही."

"मग मुदत का नाही झोपली? आणि वर्गाच्या परवान्यावर त्याचं वय चौतीस कसं?"

"झोपेतली वर्षं वयात धरत नाहीत."

"म्हणजे परवान्याला चौतिसाचा आणि गुन्ह्याला चौसष्टाचा! धन्य आहे तुमची."

मोहित्यांनी खालमानेनं तिच्या अर्जावर 'मुदतबाह्य' असा शिक्का मारला.

विभावरी रोज पाच वाजता वर्गाच्या पायरीवर बसू लागली आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सगळं सांगू लागली. महिन्याभरात वर्ग बंद पडला. मोहित्यांनी बदली मागून घेतली. पुढे कायदा बदलला, पण जुन्या तक्रारींना तो लागू नव्हता. सर पुन्हा झोपले, या खेपेस पन्नास वर्षांसाठी.

त्यांच्या उठण्याची तारीख विभावरीनं आपल्या मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली.