बंद पाकिटावरचा शेरा

आधी न्यायाधीश आणि पुढे राज्यपाल झालेल्या साहेबांची कागदपत्रं सोलापुरातल्या एका ग्रंथालयात आली, तेव्हा ती लावायचं काम सोनमनं हट्टानं मागून घेतलं. ती सहा वर्षांची असताना तिच्या वडिलांना फाशी झाली होती. त्यांचा दयेचा अर्ज राज्यपालांनी वाचला तरी होता का, एवढंच तिला बघायचं होतं.

आठव्या दिवशी, लेकीला बालवाडीत सोडून आली, आणि वडिलांच्या नावाचं पाकीट हाती लागलं. वर साहेबांच्या हातचा शेरा होता: 'वाचला. फेटाळला.'

लाखेचं सील मात्र शाबूत होतं.

"बंद पाकीट बंदच नोंदवायचं, ताई," कुंडलिक शिपाई म्हणाला. "साह्यबानं उघडलं न्हाय, तुमी कशाला उघडताय?"

"म्हणूनच की, काका."

तिनं लाख फोडली. अक्षर वडिलांचंच होतं; याच वळणावर तिनं पाटी गिरवली होती.

'साहेब, मी मरायला तयार आहे. माझ्यासाठी काहीच मागत नाही. फक्त माझी नात सृष्टी, वय वर्षं चार, तिला तेवढं सोडा.'

सोनमची सृष्टी परवाच चार वर्षांची झाली होती.